भंगार, मोड, रद्दी आणि वाड्यांचं मोडकाम: सातारा-सांगलीकडं काय शोधावं, कसं पारखावं?

संगम_माहुली
साताऱ्यात जुन्या घराची डागडुजी चालू आहे. स्वयंपाकघरासाठी पितळी-तांब्याची वापरायची भांडी हवीत, दोन सागवानी चौकटी आणि एक दार हवं, शिवाय घराच्या मागं छोटं वर्कशॉप लावायचंय, त्याला व्हाइस आणि हातहत्यारं. नव्याचे भाव ऐकून जुन्याकडं वळलोय. भंगारवाले, भांड्यांच्या दुकानातली मोड, रद्दीची दुकानं, पाडकामाच्या जागा असं सगळं फिरायची तयारी आहे.

जाणकारांनी नेमकं सांगावं. सोबत काय न्यायचं, धातू आणि लाकूड जागेवर कसं ओळखायचं, भाव कशाच्या हिशोबानं ठरवायचा आणि कशाला हात लावायचा नाही? ‘जुन्या बाजारात चक्कर मारा’ एवढंच नको.

तांबटआळी
भांड्यांपुरतं सांगतो, जरा लांबेल.

भंगारात वस्तू वजनावर विकली जाते, तिच्या कामावर नाही, हे आधी धरून चाला. नव्या पितळी भांड्याच्या किमतीत धातू, घडणावळ, दुकानदाराचा नफा आणि कर असतो. मोडीत आलं की त्यातला फक्त धातू उरतो, त्यातूनही घट कापतात. या मधल्या फरकात तुमचा फायदा आहे. म्हणून जिथं घडणावळ जास्त आणि वजन कमी, ती वस्तू मोडीत सगळ्यात स्वस्त पडते: झारी, पंचपात्र, पानपुडा, अडकित्ता, शेवेचा सोऱ्या, पुरणयंत्र. जाडजूड घंगाळ किंवा परात घेतली तर वाचतं, पण टक्केवारीत कमी, कारण तिथं मुळात किंमत धातूचीच असते.

कुठं बघायचं? भंगाराच्या गोडाऊनपेक्षा भांड्यांच्या दुकानामागची मोडीची रास चांगली. लोक जुनी भांडी देऊन नवी नेतात ती तिथं साठते. धनत्रयोदशीच्या आधीचे दोन आठवडे आणि लग्नसराई हा तिचा हंगाम. माल ठोक व्यापाऱ्याकडं गेला की चेपून पोत्यात जातो, मग काही हाती लागत नाही. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की चेपू नका, मोडीच्या भावावर किलोमागं काही वाढवून देतो. बहुतेक जण ऐकतात.

सोबत एवढं न्या: छोटं पण ताकदीचं चुंबक, बारीक कानस, टॉर्च, १० किलोपर्यंतचा लटकता डिजिटल काटा, सुती दोरी.

चुंबक भांड्याच्या पोटाला आणि बुडाला लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, सोडून द्या. नाही चिकटलं म्हणजे पितळ असं मात्र नाही. ॲल्युमिनियम आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. मग बुडाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथं, कानशीचे दोन हात मारा. आतपर्यंत पिवळं ते पितळ, लालसर ते तांबं, पिवळ्याखाली पांढरं निघालं तर मुलामा. कानस लावायला मालक नाही म्हणाला तर मालाची खात्री नाही असं समजून भाव करा.

समई, घंटा, मूर्ती अशा भरीव वस्तूंना पाण्याचा काटा लावा. आधी कोरडं वजन घ्या, मग दोरीनं बांधून वस्तू पूर्ण पाण्यात बुडवून लटकत्या काट्यावर वजन घ्या. बादलीच्या तळाला, भिंतीला टेकू द्यायची नाही. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकानं भागा. समजा समई कोरडी २ किलो ५४० ग्रॅम, पाण्यात २ किलो २४० ग्रॅम. फरक ३००. २५४० भागिले ३०० म्हणजे ८.४७, पितळ बरोबर. पितळ साधारण ८.४ ते ८.७ येतं, तांबं ८.९, स्टील ७.८५, जस्त ७.१, ॲल्युमिनियम २.७, चांदी १०.५. ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, ८.५ च्या आसपास. चांदीच्या भावानं कुणी दाखवलं तर हा एकच हिशोब पुरे. समईचा आकडा पाच-सहा आला तर बैठकीत लाख, राळ किंवा सिमेंट भरलंय. वजन वाढवायची ती जुनी युक्ती आहे. पोकळीत हवा अडकली तरी आकडा खाली येतो, म्हणून पाण्यात हलवून बुडबुडे काढून टाका.

आता दोष. बुडाचा आणि बाजूचा सांधा आधी बघा. जुन्या हाताच्या भांड्यांना तिथं दातेरी सांधा असतो आणि भांडं गळायला लागतं ते तिथूनच. अंधाऱ्या कोपऱ्यात आत टॉर्च लावून बाहेरून बघा, सुईएवढं भोकसुद्धा चमकतं. सांध्यावर करड्या रंगाचा मऊ गोळा असेल तर तो शिसं-कथलाचा डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवून भरलेला धातू. तसलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका. शिसं अन्नात उतरतं, आणि तो डाग १८३ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे फोडणीला टिकतच नाही. पितळेचा पक्का डाग पिवळा आणि कठीण असतो, तो चालतो.

पितळेवर गुलाबी-तांबूस चट्टे दिसले तर दोन कारणं असतात. कुणीतरी चिंचेत किंवा ॲसिडात फार वेळ भिजवलं असेल तर रंग वरवरचा असतो, रांगोळीनं घासल्यावर जातो. घासूनही राहिला आणि नखानं दाबल्यावर कण सुटले, तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि धातू आतून भुसभुशीत झालाय. ते मोडच. काठावरच्या बारीक उभ्या चिरा ही वेगळी गोष्ट. गोठ्याजवळ वर्षानुवर्षं ठेवलेल्या पातळ पत्र्याच्या भांड्यांना त्या पडतात, कारण गोमूत्रातून सुटणारा अमोनिया ताणलेल्या पितळेला चिरतो. एक चीर झाळली (डाग देऊन सांधली) तरी शेजारी दुसरी उगवते.

काशाची पारख आवाजावर. बोटाच्या टोकांवर ठेवून लाकडानं हळू मारा. चांगलं कासं लांबवर घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडकलेलं कासं नीट झाळता येत नाही, त्याला मोडीच्या वर एक पैसा देऊ नका.

साफ करायला ५ लिटर गरम पाण्यात पाव किलो मीठ आणि अर्धा किलो चिंच, १५ ते २० मिनिटं, बस्स. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच पुसायचं. नक्षीची समई किंवा दिवा मशीनवर बफ करू नका. नक्षीच्या कडा जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत.

संगम_माहुली
काका, एवढ्या तपशिलाबद्दल आभार. एक अडचण: काल एका दुकानात पितळी हंडा बघितला, चुंबक काठाला चिकटतं, पोटाला नाही. मग तो घ्यावा का? आणि कल्हईचं कसं बघायचं?

तांबटआळी
काठ वळवताना आत लोखंडी तार घालतात, म्हणून तिथं चिकटतं. बुडाला कानस मारून आतपर्यंत पिवळं निघालं तर बिनधास्त घ्या. फक्त वजन करताना तार आणि लोखंडी कड्या पितळेच्या भावात मोजल्या जातात, तेवढी घट तुम्हीही मागायची. तार गंजून काठ फुगलाय का तेही बघा. फुगला असेल तर काठ पुढंमागं फाटणार.

जुन्या भांड्याच्या आतल्या कल्हईवर विसंबू नका, घेतल्यावर नवीन करून घ्या. कल्हई म्हणजे शुद्ध कथील, २३२ अंशांना वितळतं. भांडं तापवून नवसागर फिरवला की पांढरा धूर येतो आणि कथील पसरतं. कल्हईवाल्याची कांडी पांढऱ्या कागदावर घासून बघा. ठळक करडी रेघ उठली तर त्यात शिसं मिसळलंय, ती नको. कल्हईचं भांडं रिकामं जाळावर ठेवायचं नाही. आणि कल्हई उडालेल्या पितळेत आमसुलाचं सार, ताक, चिंचेची आमटी शिजवायची नाही, हिरवा क्षार सुटतो.

वखारभाग_सांगली
लाकडावर बोलतो. सातारा, वाई, कराड, मिरज, सांगली, जिथं जुने वाडे उतरतायत तिथं पाडकामाच्या ठेकेदाराशी थेट बोला. ठेकेदाराला जागा लवकर मोकळी करायची असते, माल वखारीत गेला की दर चढतो.

लाकूड घनफुटावर विकतात. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. सात फूट लांब, पाच इंच बाय तीन इंच चौकटीचा उभा घेतला तर १०५ भागिले १४४, म्हणजे ०.७३ घनफूट. हे तोंडपाठ करा. ‘अंदाजे एक फूट धरू’ म्हणतात तिथंच माणूस फसतो.

सागवान आहे का हे बघायला एका कडेला चाकूनं पातळ साल काढा. आतून सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा, चामड्यासारखा वास. आडव्या कापाच्या टोकाला पाणी लावून बघा. सागाला वर्षवलयाच्या रेषेवर मोठी छिद्रं ओळीनं दिसतात. वजनही सांगतं. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो. वरचा सात फुटी उभा १३ किलोच्या आसपास भरायला हवा. १७-१८ भरला तर तो ऐन (सागापेक्षा जड असं दुसरं लाकूड) असेल किंवा भिजलेला असेल. ऐनही टिकाऊ असतो, पण त्याला सागाचा भाव द्यायचा नाही. ऑइलपेंटच्या थरांखाली चौकट सागाची आणि दाराच्या फळ्या हलक्या लाकडाच्या असं पुष्कळ वेळा निघतं, म्हणून प्रत्येक भागाची साल काढा.

तुळयांची भिंतीत गाडलेली टोकं कायम ओल खातात. स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज घुसला तर तिथपर्यंत लाकूड गेलं. दोन्हीकडून सहा ते नऊ इंच कापून टाकावं लागतं, तेवढी लांबी मोजणीतून वजा करून घ्या. बारीक गोल भोकं दिसली तर खाली पिठासारखी ताजी भुकटी पडते का बघा. भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे. तसलं लाकूड घरातल्या बाकीच्या लाकडात आणू नका.

किंमत कशी ताडायची? रंधा मारताना प्रत्येक बाजूनं ३ मिलिमीटर जातात असं धरा. पाच बाय तीनचा तुकडा १२१ बाय ७० मिलिमीटर उरतो, म्हणजे जाडी-रुंदीतच १२ टक्के गेले. वर टोकं सहा-सहा इंच कापली तर सात फुटांचे सहा राहतात. एकूण पाऊण माल हाती लागतो. म्हणून जुन्याचा दर पाऊणनं भागा आणि मग नव्याच्या दराशी ताडा. त्यात सुताराची जादा मजुरी मिळवा. तरीही स्वस्त पडलं तरच घ्या. चौकटीला पूर्ण सात फूट लागत असेल तर मुळात आठ फुटी तुकडा शोधा.

खिळ्यांचं विसरू नका. वाड्यातले जुने खिळे डोकं तुटून आत राहतात, वर रंग चढलेला असतो. दोरीला बांधलेलं चुंबक सगळ्या अंगावरून फिरवा, जिथं ओढलं जाईल तिथं खडूची खूण करा. कापणी गिरणीवाला खिळ्याचं लाकूड घेत नाही, आणि पातं गेलं तर ते भरून मागतो. जुना रंग कोरडा घासू किंवा जाळू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून खरवडा, तोंडाला चांगला मास्क बांधा, भुकटी गोळा करून टाका, लहान मुलांना लांब ठेवा.

दाराच्या पितळी फुल्या, कड्या-कोयंडे दारासोबत आहेत का हे सौदा करतानाच बोलून घ्या. नाहीतर दार घरी येतं आणि फुल्या काढलेल्या असतात. घडीव काळा दगड, जाती, उखळं मोहात पाडतात, पण तिथं दगडाच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि हमाली जास्त बसते. गाडीचं भाडं आधी विचारा.

कुपवाड_टूलरूम
वर्कशॉपचं. कुपवाड, मिरज, सातारा, कराडच्या एमआयडीसीभोवतीचे भंगारवाले हा खरा खजिना आहे, कारण तिथं यंत्रशाळेचा माल लोखंडाच्या भावात ढिगात पडलेला असतो.

व्हाइस घेताना जबडे पूर्ण उघडा आणि खालचा सरकता दांडा वर-खाली, डावीकडं-उजवीकडं हलवून बघा. जबडे मिटवून उजेडाकडं धरा. दोन्हीकडून सारखी फट मिटली पाहिजे. स्क्रूला पाव आटा ढील चालते. बिडाच्या अंगावर वेल्डिंगचा डाग दिसला तर सोडा, बीड पुन्हा तिथंच तडकतं. गंजाला घाबरू नका. पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी उसाची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात हत्यारं आठ ते पंधरा दिवस बुडवून ठेवा. गंज सुटतो, खालचं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग आधी काढा, ते खाल्ले जातात. पिंप घराबाहेर ठेवा, वास येतो. काढल्यावर ब्रशनं धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा, तासाभरात पुन्हा गंज धरतो.

ड्रिल, टॅप, रीमर हे एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) आहेत का हे मागच्या दांड्यावर कोरलेलं असतं. अक्षरं गेली असतील तर ग्राइंडरवर ठिणगी बघा, डोळ्यांना गॉगल लावूनच. साध्या कार्बन स्टीलची ठिणगी पांढरट-पिवळी, फुलबाजीसारखी फुटणारी. एचएसएसची ठिणगी लालसर, मंद, न फुटणारी. टंगस्टन कार्बाइडच्या टिपांची अगदी आखूड, गडद नारिंगी. कार्बाइड हातात घेतल्याबरोबर कळतं, घनता १४-१५, स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जड. कानशीचा ओरखडा उठत नाही आणि आतल्या कोबाल्टमुळं चुंबक थोडं चिकटतं. चिकटतं म्हणून अडाणी माणूस ती लोखंडात टाकतो. मिश्र भंगारात एक-दोन किलो टिपा निघाल्या तर बाकीचा ढीग फुकट पडल्यासारखा आहे. कार्बाइडचा खरेदीदार वेगळा असतो, त्याला लोखंडात विकू नका.

मोटर घेताना वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं ते झाकण काढून बघा. वार्निशमुळं दोन्ही तांबूस दिसतात, म्हणून तारेच्या टोकाला ब्लेडनं खरवडा. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर आधी मोटर वाळवावी लागेल किंवा वाइंडिंग नव्यानं भरावं लागेल, तो खर्च किमतीतून कापा.

सांगली-मिरजेत एक गोष्ट वेगळी बघावी लागते. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत पाण्याखाली गेलेला माल अजून बाजारात फिरतो. बाहेरून रंग मारलेला असतो. कृष्णेचा गाळ फार बारीक, तो स्क्रूच्या खाचेत, ड्रॉवरच्या पट्टीत, शिलाई मशीनच्या खालच्या पोकळीत, मोटरच्या पंख्यामागं बसून राहतो. काडीनं उकरून बघा. प्लायवुडच्या फर्निचरची खालची कड बोटांत धरून दाबा. फुगली असेल किंवा थर सुटले असतील तर ते दुरुस्त होत नाही. लोखंडी कपाटाला आतल्या बाजूला एका उंचीवर गंजाची आडवी रेघ दिसली की समजायचं. बीड-लोखंडाची हातानं चालणारी अवजारं पुरातली घ्यायला हरकत नाही, भाव पाडूनच घ्या. बेअरिंग आणि वाइंडिंग असलेलं यंत्र मात्र खोलून बघितल्याशिवाय नको.

नाव बघून घ्यायच्या वस्तूही आहेत. किर्लोस्करवाडीचा किर्लोस्कर पंप, साताऱ्याचं कूपर इंजिन, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. कंदील घेताना टाकीत पाणी भरून गळती बघा, बर्नरची वात वर-खाली फिरते का बघा, आणि काच मूळची आहे का ते विचारा. मूळ काच असेल तर नुसत्या सांगाड्यापेक्षा चांगली किंमत द्यायला हरकत नाही.

गंगापुरी_वाई
भांडी-लाकडाबरोबर रद्दी आणि जुन्या साड्यांचंही सांगते, कारण तिथं लोक सगळ्यात जास्त गमावतात.

रद्दीच्या दुकानात किलोवर पुस्तक मिळतं, पण गठ्ठा बांधायच्या आधी गेलात तरच. शीर्षकपानाची मागची बाजू आधी बघा, तिथं आवृत्ती आणि साल असतं. शके दिलेलं असेल तर ७८ मिळवा, इसवी सन निघतं. मग पानं सलग आहेत का, नकाशे आणि चित्रपत्रं फाडलेली नाहीत ना, एवढं बघा. किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०), ‘मनोहर’ (१९३४) मासिकांचे जुने अंक आपल्या भागात अजून माळ्यांवरून उतरतात. सुटा अंकही घ्या, पण मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं शाबूत असतील तरच जास्त द्या. संशोधकाला नेमकी तीच पानं हवी असतात. वाईत विश्वकोशाचे खंडही रद्दीत दिसतात. सुटा खंड वाचायला उत्तम, विकायला अवघड, कारण घेणाऱ्याला संच लागतो.

कसर लागलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना पंधरा दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं. ओलं किंवा बुरशीचा वास येणारं पुस्तक आधी सावलीत वाळवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नको. मोडी लिपीतले कागद गठ्ठ्यात दिसले तर ते सुटे करू नका, क्रम मोडला की अर्थ लागत नाही.

साड्यांचं. ‘जुनी जरीची साडी द्या’ म्हणत दारावर येणाऱ्याला काठ बघू द्यायच्या आधी स्वतः एक दोरा तपासा. पदराच्या टोकाचा जरीचा एक धागा काढून ब्लेडनं खरवडा. सोनेरी थराखाली पांढरं दिसलं तर चांदीची जर, लाल दिसलं तर तांब्याची. मग तो धागा चिमट्यात धरून काडीनं जाळा. रेशमावर गुंडाळलेल्या धातूच्या जरीचा रेशीम जळतो, केसासारखा वास येतो आणि तार उरते. प्लॅस्टिकची जर आखडून गोळा होते. चांदीची जर असलेली, कापड न फाटलेली साडी जाळून धातू काढण्यासाठी विकू नये असं माझं ठाम मत आहे. धातूचे पैसे एकदाच येतात, काठ-पदर मात्र नव्या कापडावर चढवता येतात. जी साडी घडीवर चिरलीय, हातात घेतली तरी फाटते, तीच मोडीत घाला. तीसुद्धा आपल्यासमोर वजन करून.

शेरीनाका
भावाबद्दल थोडं वेगळं मत. वर किलोमागं वाढवून द्या असं म्हटलंय ते भांड्यांच्या दुकानाला लागू. मोठ्या भंगारवाल्याकडं आधी त्या दिवसाचा मोडीचा दर दोन ठिकाणी फोन करून विचारून घ्या, *विकायला* आणतोय असं सांगून. तो कळला की तुमची खालची पातळी ठरली. नव्या भांड्याचा किलोचा दर दुकानात बघा, ती वरची. भाव या दोन्हींच्या मध्यावर पोचला तर सौदा सोडून उठा. एकाच वस्तूवर बोट ठेवून भाव विचारू नका. चार वस्तू बाजूला काढा, त्यात तुम्हाला हवी ती मधेच असू द्या, आणि सगळ्याचं वजन एकदम करा. काटा शून्यावर आहे का बघा, आणि एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली ठेवून बघा: एक किलोच्या थोडं वर दाखवायला पाहिजे. रोख द्या, पण पावती घ्या.

मोती_चौक
पावतीवरून पुढचं. विहिरीवरच्या मोटारी, केबल, देवळातल्या घंटा आणि समया चोरीला जाऊन भंगारात येतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. जाळलेली तांब्याची तार, नंबर घासलेली मोटर, देवस्थानाचं नाव खोडलेली घंटा, या तीन गोष्टी कितीही स्वस्त असोत, घेऊ नका.

नाण्यांबद्दल विचारलं नाहीत, पण मोडीत ती हमखास भेटतात. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९ पर्यंतचे ९१.७ टक्के चांदीचे. १९४० ते ४५ मध्ये चांदी निम्म्यावर आणली. १९४७ चा निकेलचा, त्याला चुंबक चिकटतं. खिशातला काटा ०.०१ ग्रॅमचा असावा. झिजलेला रुपया ११.३ पर्यंत भरतो, त्याखाली गेला तर शंका घ्या, कडेला ओतकामाची शीर दिसली तर नकली. शिवराईत नकलांचा सुळसुळाट आहे. खरी शिवराई हातोड्याच्या ठशानं पाडलेली, म्हणून अक्षरं बहुधा एका बाजूला सरकलेली आणि अर्धवट असतात. दोन नाणी अगदी एकसारखी, त्याच ठिकाणी तेच खड्डे असलेली दिसली तर ती साच्यातली. ‘वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो’ या जाहिरातींना भुलून आगाऊ फी भरू नका. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्या-नोटांचा असा व्यवहार करत नाही, तसा इशाराच बँकेनं २०२१ मध्ये दिलाय.

आणि तुम्ही जुन्या घराची डागडुजी करताय म्हणून हे महत्त्वाचं. पाया किंवा जमीन खणताना पुरलेलं काही निघालं तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की काय, किती, कुठं, कोणत्या तारखेला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि कुणी मालक निघाला नाही, तर वाटा मिळायची तरतूद त्याच कायद्यात आहे. वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला उरलेला. म्हणून गवंडी-मजुरांशी आधीच बोलून ठेवा, कारण सापडणारा तो असू शकतो. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, शिल्प असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वेगळा, त्यात नोंदणी लागते आणि देशाबाहेर नेता येत नाही. किल्ल्यांवर, संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मेटल डिटेक्टर घेऊन उकरायला जाणारे असतात. तो सरळ गुन्हा आहे, आणि ठेवा जागेवरून हलला की त्याचा इतिहासही पुसला जातो.

संगम_माहुली
सगळ्यांचं मनापासून आभार. उद्या हंडा आणतो. शेवटचा प्रश्न, तांबटआळीकाकांना: त्याच दुकानात तांब्याचा बंब आहे, तोटीपाशी करडा डाग दिसतो. आंघोळीच्या पाण्यासाठी चालेल का?

तांबटआळी
आंघोळीला चालेल, पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्याला नाही. पण बंबात खरी परीक्षा मधल्या जाळाच्या नळीची. राख आणि ओल यांनी ती आतून खाल्ली जाते, खालचे चार इंच आधी. नळीत टॉर्च सोडून बघा आणि बोटाच्या पेरानं हळूच ठोका. जिथं पत्रा लवतो तिथं तो पातळ झालाय. मग काठोकाठ पाणी भरून रात्रभर दुकानातच ठेवायला सांगा, खाली कोरडा कागद पसरा. सकाळी नळीच्या तोंडाखालचा कागद कोरडा असेल आणि तोटीपाशीच थेंब असेल तर घ्या, तोटीचा डाग पितळेनं पक्का करून मिळतो. नळीखालचा कागद ओला असेल तर मोडीच्या भावातच घ्या, कारण नवी नळी बसवायला तांबटाची मजुरी आणि पत्रा दोन्ही लागणार. आणि वापरताना पाण्याची पातळी नळीच्या वरच्या सांध्याखाली जाऊ द्यायची नाही, कोरडा सांधा तापला की डाग वितळून खाली येतो.